गुरुवारचा गाळ

रहाटणी
१० नोव्हेंबर २०२५

अंजू,

भांडायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचशील. भांडायचं असतं तर आईच्या फोनवरून भांडले असते. आपण बोलून चार वर्षं झाली. दर रविवारी तू आईशी व्हिडिओवर बोलतेस तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते. वाळत घालण्याएवढे कपडे रविवारी आमच्याकडे नसतात, हे आईलाही ठाऊक आहे. 

तुझा हा मेलचा पत्ता मला कुठून मिळाला, तर एका कोटेशनवरून. महाळुंग्याला एक मोठी कास्टिंगची कंपनी आहे. तिथे ओतलेले भाग साफ करतात, घासतात, धुतात, आणि त्या धुण्याचा सगळा गाळ जमिनीखालच्या एका पिटमध्ये जमतो. वाळू, लोखंडाचा भुगा, काय काय. तो उपसायला बसवलेले दोन पंप यंदाच खलास झाले. आता नवे पंप घ्यायचं चाललंय. मेंटेनन्सचे प्रमुख शितोळे साहेब, मालोजी शितोळे, यांनी मला बोलावून तुझ्या कंपनीचं कोटेशन पुढे सरकवलं आणि म्हणाले, "पंप परदेशी असला तरी आतलं रबराचं अस्तर झिजणारच. ते बदलायचं काम भोसरीत तुमच्याकडं देऊ. आमच्या तिन्ही प्लँटचं."

कागदावर खाली पंप निवडणाऱ्या इंजिनिअरचं नाव होतं. अंजली धोंडीबा रोकडे, पर्थ.

मी "बघते," एवढंच म्हणाले. पण अंजू, तू रबर निवडलंस! बारीक वाळूचं पाणी, म्हणून रबराचं अस्तर, कारण वाळूचा कण रबरावर आपटून मागे फिरतो आणि लोखंडावर आपटून ओरखडा काढतो. हे आप्पांचं वाक्य आहे, जसंच्या तसं. तू ते इंग्रजीत लिहिलंयस एवढंच. आज आप्पा असते तर त्यांनी तो कागद भोसरीतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर फिरवला असता.

तुला आठवतं का, पिंपरीतली त्यांची कंपनी बंद पडली आणि त्यांनी भोसरीत अस्तरांचं वर्कशॉप काढलं, त्या वर्षी सुट्टीत आपण दोघी त्यांच्याबरोबर कंपन्या हिंडायचो. लुनावर पुढे तू, मागे मी, आणि माझ्या मांडीवर आईच्या लोणच्याच्या बरण्या. जिथे पंप सुचवायचा असेल तिथला गाळ आधी बरणीत भरून आणायचा, हा त्यांचा नेम. मग ते आपल्याला डोळे मिटायला लावायचे. "बोटानं बघा," म्हणायचे. राख असेल तर पिठासारखी लागायची, भट्टीची वाळू रव्यासारखी. तुला नेहमी आधी कळायचं, आणि तुला आधी कळलं की मी बरणी हलवून तुझ्या फ्रॉकवर सांडायचे. मग बरणी काळेवाडीच्या खोलीत खिडकीत ठेवायची आणि आत रबराची एक पट्टी सोडायची. आठ दिवसांनी पट्टी बाहेर काढून दाताखाली धरून बघायचे आप्पा. आई डोक्याला हात लावायची. तिचं लोणचं त्या वर्षांत सगळं स्टीलच्या डब्यांत गेलं आणि काळं पडलं, हा विषय ती अजून काढते.

मीही परवा शनिवारी शिफ्ट सुटायच्या वेळी महाळुंग्याला जाऊन एक बरणी भरून आणली आहे. सवय, दुसरं काय. साध्या रबराची पट्टी आत सोडली आहे.

खरं सांगायचं तर या कामाची मला फार गरज आहे. साखर कारखान्यांची कामं आता येत नाहीत. वर्कशॉपमध्ये मी आणि आप्पांच्या वेळचे बबनराव, एवढेच उरलोय. हे अस्तरांचं काम आलं तर वर्कशॉप उभं राहील, नाहीतर मला ते चालवता येणार नाही. तू चार वर्षांपूर्वी 'बंद कर' म्हणालीस तसंच होईल, आणि ते मला होऊ द्यायचं नाही.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. रबर निवडलंस म्हणून लिहावंसं वाटलं.

आम्रपाली


रहाटणी
१९ नोव्हेंबर २०२५

अंजू,

तुझं एका ओळीचं उत्तर मिळालं. "अस्तराचं काम तुला मिळत असेल तर चांगलंच आहे." चार वर्षांनी एक ओळ, तीही ऑफिसच्या सहीसकट. चालेल. आमच्याकडे इतकी वर्षं तेवढंही येत नव्हतं.

आता नीट वाच, कारण हे पत्र मी दोनदा लिहून खोडलंय.

बरणीतली पट्टी फुगली. नुसती मऊ झाली नाही, फुगली आणि कडेने सोलायला लागली. मी ती बोटाने दाबली तर बोटाचा ठसा उमटून राहिला. बरणीच्या वरच्या बाजूला तेलाचा थर आहे. पातळ आहे, पण साधं रबर फुगवायला तेवढा पुरतो. आणि तळाशी जे बसलंय त्यात चुंबक फिरवलं तर केसाळ झालं. लोखंडाचे टोकदार तुकडे आहेत त्यात, काही तांदळाच्या कणीएवढे. हे तुझं बारीक वाळूचं पाणी नाहीच, अंजू.

मी बबनरावांना दाखवली. ते म्हणाले, "ताई, ही बरणी फेकून द्या न् दुसरी भरून आणा." म्हणून दुसरी भरून आणली. तीही तशीच निघाली.

मग मी महाळुंग्याला सार्थकला गाठलं. शितोळे साहेबांच्या हाताखाली सार्थक म्हणून एक तरुण इंजिनिअर आहे, चांगला मुलगा, स्वतः पिटच्या कडेला उभा राहून काम करणारा. तुमच्याकडे तपासणीचा रिपोर्ट आला त्याचा नमुना यानेच भरला होता. मी विचारलं, "कधी भरलास?" तो म्हणाला, "गुरुवारी, मॅडम. बाकीच्या दिवशी कुठं वेळ असतो? लाईन बंद असली की मगच पिटजवळ जाता येतं निवांत."

गुरुवारी. तू पर्थला गेलीस तेव्हापासून गुरुवार म्हणजे काय हे विसरली असशील. इथे अजूनही गुरुवारची सुट्टी. बुधवारच्या शेवटच्या शिफ्टनंतर पिटमधलं पाणी हलत नाही. लोखंड तळाला जाऊन बसतं, तेल वर येतं आणि सकाळी सफाईवाले ते वरच्या वर काढून घेतात. सार्थकने मधूनच दोरीने बाटली सोडली आणि अगदी प्रामाणिकपणे स्वच्छ, बारीक वाळूचं पाणी भरलं. लॅबने त्याचाच रिपोर्ट दिला आणि तू त्या रिपोर्टवरून रबर निवडलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच निवडलं असतं. आप्पा गुरुवारी बरणी भरायचे नाहीत ते काय उपास म्हणून नव्हे. शिफ्ट सुटताना फरशी धुतात, मशीनखालचं गळकं तेल आणि भुगा सगळा एकदम पिटकडे येतो, तेव्हा ते जायचे. सगळ्यांची घरी जायची घाई आणि हा माणूस बरणी घेऊन उलटा आत. वॉचमन ओळखायला लागले होते.

तुझा पंप बसला तर अस्तर दोन-तीन महिने टिकेल. मग सुटून पंपाच्या फिरत्या चाकात, इम्पेलरमध्ये, अडकेल. पंप बंद, पिट भरणार, आणि मग तिथली कंत्राटी माणसं फावडी घेऊन खाली उतरणार. मी गेले तेव्हा एकजण वर येत होता. कमरेपर्यंत राखाडी झाला होता. त्याने माझ्याकडे बघून हसून नमस्कार केला, मला मात्र हसता आलं नाही.

आणि तुझं नाव त्या कागदावर आहे. ते मला नको आहे तिथे, असल्या कामावर.

दोन्ही बरण्यांचे फोटो जोडले आहेत.

आम्रपाली


रहाटणी
३ डिसेंबर २०२५

अंजू,

या वेळी तू चांगलं पानभर लिहिलंस. सगळे प्रश्नच आहेत, पण वाचताना बरं वाटलं. तुकड्यांचा आकार, तेलाचा थर, पाण्याची गरमी, पाइप किती वर चढतो, सगळी उत्तरं खाली वेगळी लिहिली आहेत. तुझा शेवटचा प्रश्न मात्र मी आधी घेते. तू विचारलंस, "तेल सोसणारं नायट्रिल रबर लावलं तर? ते तुझ्याकडे करता येईल ना?"

मला कळलं तू ते का विचारलंस. वर्कशॉप बंद कर म्हणणारी तू, आणि आता वर्कशॉपचं काम जाऊ नये म्हणून वाट शोधतेयस. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "ती लहानपणापासून अशीच हाय. आदी मारती न् मग फुंकर घालती." 

मीही नायट्रिलचाच विचार करून बसले होते. पट्टी कापली, बरणीत सोडली. तेलाने तिला काही झालं नाही. आठ दिवस मी शेजारणीशीसुद्धा गोड बोलत होते. मग आप्पांची जुनी फिरकी काढली. आठवते ना, सायकलच्या चाकावर बसवलेला डबा, ज्यात गाळ आणि पट्टी घालून आपण आळीपाळीने पेडल मारायचो? तू मोठ्याने पाढे म्हणायचीस आणि सतरानंतर अडायचीस. तो डबा वर्कशॉपच्या माळ्यावर होता. बबनरावांनी पेडल मारलं, मग मी मारलं. डबा उघडला तर पट्टीवर बारीक बारीक काप होते, जणू कुणी ब्लेड फिरवलंय. तेलापुढे टिकलं, लोखंडापुढे नाही. नायट्रिल तसंही साध्या रबरापेक्षा लवकर झिजतं, हे तुला मी काय सांगू.

मी ती पट्टी घेऊन बसले तेव्हा बबनराव समोर येऊन उभे राहिले. तीस वर्षांत त्यांनी मला कधी उलट शब्द दिला नाही. त्या दिवशी म्हणाले, "ताई, रागावू नका. तुमी गप ऱ्हा ना. पंप त्यांनी निवडलाय, रिपोर्ट त्यांचा हाय. अस्तर फाटलं की आपल्याकडंच येणार. जितकं फाटंल तितकं आपल्याला काम."

मी म्हटलं, "आणि पिटमध्ये कोण उतरणार?"

ते म्हणाले, "ती माणसं आजबी उतरत्यातच की."

ते खरं आहे, म्हणून मला जास्त राग आला. बबनराव वाईट माणूस नाही. करोनात आप्पा हॉस्पिटलात होते तेव्हा बाहेरच्या बाकावर हाच माणूस बसून होता, तुझं विमान निघत नव्हतं आणि मला आत सोडत नव्हते तेव्हा. त्यांचीही नातवंडं आहेत. त्यांनाही वर्कशॉप हवंय. मी त्यांना एवढंच म्हटलं की आप्पांनी फाटणारं अस्तर कधी मुद्दाम लावलं नाही, आणि मी लावणार नाही. त्यांनी ती पट्टी उचलून बोटाने चाचपली. मग म्हणाले, "व्हय. धोंडीबा मालकांनी मला कामावरून हाकललं असतं असं बोललो म्हणून." आणि चहा सांगायला गेले.

तेव्हा आता मी लिहून देते, तुला हवं तसं वापर. त्या पिटला रबर नको. साधं नको, नायट्रिलही नको. कठीण क्रोम लोखंडाचा पंप लागेल, आकाराने मोठा आणि कमी फेऱ्यांचा. किती मोठा आणि किती फेऱ्या ते गणित तुझं. तेवढं मला झेपत नाही आणि झेपतं असा आव मी आणणार नाही. आपण दोघी एका खोलीत असतो तर दुपारभरात झालं असतं. मी बरण्या हलवल्या असत्या, तू आकडे मांडले असतेस, आणि आप्पा मध्ये मध्ये लुडबुड करत म्हणाले असते, पोरींनो, आधी जेवून घ्या.

लोखंडाच्या पंपाला माझं काही काम नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. त्याचे सुटे भाग तुमच्याकडूनच येतात.

एक गोष्ट उगाच लिहिते. आप्पा गेल्यावर वर्कशॉपच्या बाबतीत तू जे बोललीस, की रबर चिकटवायच्या त्या सोल्युशनच्या वासाने आप्पांची छाती गेली, ते मला अजून पटलेलं नाही. ज्या वासावर तुझं इंजिनिअरिंग झालं त्याला नावं ठेवू नकोस, असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणेन. पण मला तो वास आवडतो आणि तुला तो आवडत नाही, एवढ्यावरून बहिणीने बहिणीला चार वर्षं टाकायचं नसतं. हे तुलाही लागू आहे आणि मलाही.

शनिवारी सहा तारखेला आईला देहूरोडच्या विहारात नेणार आहे. तुझ्या नावाचीही मेणबत्ती लावते ती दरवर्षी. मला सांगत नाही, पण मेणबत्त्या आणायला मीच जाते ना.

आम्रपाली


रहाटणी
२१ डिसेंबर २०२५

अंजू,

गेल्या मंगळवारी शितोळे साहेबांचा फोन आला, ताबडतोब या म्हणून. मला वाटलं काहीतरी बिनसलं. दुसरं कुणी स्वस्तात रबर लावून देतो म्हणून पुढे आलं असेल, किंवा तू मागे सरलीस. गाडी काढून तळवड्याच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत माझ्या तुला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या देऊन झाल्या होत्या. त्या परत घेते.

शितोळे साहेबांनी मला बसवलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही लपवलंत आमच्यापासून."

मी म्हटलं, "काय लपवलं?"

ते म्हणाले, "काल पर्थवाल्यांशी व्हिडिओवर मीटिंग झाली. आमचे डायरेक्टर होते, चिंचवडचा डीलर होता. रबर का बदललं म्हणून डायरेक्टर साहेब तापले. रिपोर्ट दाखवला त्यांनी. त्या अंजली मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'रिपोर्टवरून मी निवडलं ते चुकलं. माझ्या ताईने शिफ्ट सुटताना तुमच्या पिटमधला गाळ हातात घेऊन बघितलाय. ती म्हणते लोखंड, तर लोखंडच. त्यात तिचं स्वतःचं काम जातंय, तरी तिने सांगितलं. यापुढे तुमच्या कंपनीचा कुठलाही नमुना ती भरेल, नाहीतर मी पंप सुचवणार नाही.'" 

हे त्यांनी असं घडाघडा सांगितलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मला नुसतं "माझ्या ताईने" एवढंच ऐकू येत होतं. सार्थक दारात उभा होता, तो हळूच म्हणाला, "मॅडम, गुरुवारचं माझं चुकलं." मी म्हटलं, "तुझं नाही चुकलं रे, तुला वेळच तेवढा मिळतो." आणि मग मला उठावंच लागलं. पार्किंगमध्ये गाडीत बसून चांगली रडले. शेजारी एक टेंपोवाला डबा खात होता, त्याने काच खाली करून विचारलं, "ताई, काही झालं का?" मी त्याला म्हटलं, "बहिणीचा निरोप आला." त्याला काय वाटलं असेल ते असो.

लोखंडी पंपाची ऑर्डर तुमच्याकडे आली हे तुला कळलंच असेल. शितोळे साहेबांनी मला नमुने तपासायचं काम देऊ केलं आहे, वर्षातून काही वेळा. ते मी करेन, आनंदाने करेन. पण त्यावर वर्कशॉप चालत नाही, हे तू जाणतेस. मी बबनरावांशी बोलले. त्यांचा भाचा मोशीला रबराचंच काम करतो, त्याच्याकडे ते जातील. जागेच्या मालकाला कळवलं आहे, मार्चअखेर सोडते म्हणून. रबराचं प्रेस मशीन बघायला एकजण येऊन गेला.

म्हणजे शेवटी तू म्हणालीस तेच झालं. वर्कशॉप बंद होतंय. मला वाटलं होतं हे लिहिणं जड जाईल, पण गेलं नाही. तू बंद कर म्हणालीस तेव्हा ते हरून बंद झालं असतं. आता ते एक खरं काम करून बंद होतंय, आणि ते काम आपण दोघींनी मिळून केलं. आप्पांच्या वर्कशॉपमधलं हे शेवटचं काम, आणि त्यावर दोन्ही रोकडे पोरींचं नाव आहे. याहून चांगला शेवट मला सुचला नसता.

आता एक मागते. वर्कशॉपचं शटर तुला माहीत आहे, गंजून जड झालेलं, मध्ये अडकणारं. आप्पा एका टोकाला धरायचे आणि दुसऱ्या टोकाला आपण दोघी लोंबकळायचो, तेव्हा ते खाली यायचं. ते अजून एकटीच्याने ओढलं जात नाही. बबनरावांचा खांदा धरतो म्हणून गेली चार वर्षं मी ते पूर्ण खाली ओढलंच नाही, अर्ध्यावर आणून आतल्या जाळीच्या दाराला कुलूप लावते.

मार्चमध्ये रजा काढ आणि ये, अंजू. शेवटचं ते पूर्ण लावू.

तुझी
ताई